उजवी बाजू

ब्राह्मणपारा, रायपूर
१० जून २००३

रमा,

आशीर्वाद मागाहून. आधी भांडण.

नवीन राज्य झालं, मंत्रालयात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुली हव्या होत्या, पूर्णिमाला नोकरी लागली आणि तू लेकीला माझ्याकडे सोडून गेलीस. जाताना सूचनांचा पाढा म्हटलास. वांग्यानं तिला खाज येते, थंड पाण्यानं सर्दी होते, झोपेत दात खाते. सख्ख्या मोठ्या बहिणीला जे एक सांगायला हवं होतं, तेवढं मात्र गिळलंस.

गेल्या आठवड्यात तिला ऊन लागलं. रायपूरचं ऊन तुला माहीत आहे. ऑफिसातून रिक्षात घालून आणली, अंग भट्टीसारखं. मी ओल्या कापडानं पुसायला गेले तर तिनं ओढणी अशी धरून ठेवली जशी काही मी चोर आहे. शेवटी ताकद संपली तेव्हा हात सुटला. डाव्या बाजूला ब्रेसियरच्या आत जुन्या टॉवेलची घडी शिवलेली. घडीखाली घामोळं चिघळून लाल झालेलं. आणि तिच्या खाली काय होतं ते तुला मी सांगायला नको. उजवा स्तन भरल्या बाईचा. डावा दहा वर्षांच्या पोरीचा, आणि त्याच्याखाली सुरकुतलेला व्रण.

मी घाबरले नाही. मला राग आला. आपल्याकडे मुलीला ताप आला तर पाऱ्यातलं घरन्‌घर विचारायला येतं, आणि हे एवढं तिनं एकटीनं टॉवेलखाली दडपून ठेवायचं?

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "बचपन में यहाँ फोड़ा हुआ था क्या?" पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारघरात आयुष्य गेलं माझं, लोकांच्या जन्ममृत्यूच्या बातम्या मी सगळ्यांच्या आधी वाचल्या, आणि घरची बातमी मला एका परक्या बाईच्या प्रश्नातून कळते!

काय झालं होतं ते लिही. फोन करू नकोस. तुमचा फोन बैठकीत, सासूबाईंच्या जपमाळेशेजारी. आणि लिहिताना 'ते', 'तिकडचं' असं लिहू नकोस. त्याला शब्द आहे.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिक सर्जनचं नाव दिलं आहे. मी वेळ घेतली आहे.

वनमाला


गोंदिया
१९ जून २००३

ताई,

नमस्कार. तुझं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग सासूबाई ओरडल्या, पाणी काहून सांडून राहिली, म्हणून बाहेर आले.

लिहिते. पूर्णिमा झाली तेव्हा तिची छाती दोन्हीकडून फुगली होती, थेंबभर दूध येत होतं. पुष्कळ बाळांना येते. मालिशवाली कलावती म्हणाली, पोट्टीचं हे दूध काढून नाही टाकलं तर पुढं गाठ धरते. सासूबाई म्हणाल्या, काढ. सगळ्याच पोरींचं काढतात ताई. माझंही काढलं असेल, तुझंही.

डावीकडचं आधी दाबलं. पोर रडून रडून काळीनिळी पडली. तेव्हा कलावती म्हणाली, राहू द्या, उजवं उद्या करू. दुसऱ्या दिवशी डावीकडे सूज, मग ताप, मग पू. डॉक्टरनं चिरा दिला. म्हणून उजवी बाजू वाचली. मी कुठं होते म्हणशील. मी बाजेवर होते, कानाला फडकं बांधून, खाली शेगडी. बाळंतिणीनं उठायचं नाही. ऐकत होते.

मोठी झाली तशी एकच बाजू वाढली. तो टॉवेल माझ्याच हातचा आहे. पहिल्यांदा शिवून दिला तेव्हा ती मला म्हणाली, आई, अजून थोडा जाड कर.

तिले यातलं काही माहीत नाही. तिले वाटते जन्मापासूनच असं. तू सांगू नको.

आता दुसरं. तुमच्या रायपूरच्याच गुढियारीतलं स्थळ आलं आहे. अभिनव नाव. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर होते, मुलगा वीज खात्यात. मूळचे आपल्याकडचेच, तुमसरचे. त्यांनी पोरगी पाहिली, पसंत केली. मार्गशीर्षात लग्न करू म्हणतात. पण ताई, हळदीचं न्हाण! नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्यांच्या बायका येतील. पाटावर बसवून, अंगावर एक जुनं लुगडं, आणि दहा जणी हळद चोळून वरून पाणी ओततील. ओल्या लुगड्यात टॉवेल कुठं ठेवू? मला हेच दिसते डोळे मिटले की.

डॉक्टर काही करू शकत असेल तर लवकर करा. कोणाला कळायला नको.

तुझी,
रमा

(शब्द लिहायला हात होत नाही. तू समजून घे.)


ब्राह्मणपारा, रायपूर
४ जुलै २००३

रमा,

पूर्णिमाला मी सांगितलं. कलावती, सासूबाई, शेगडी, सगळं. तिच्या अंगाची गोष्ट तिच्यापासून लपवायची म्हणजे अतीच झालं. तिनं ऐकलं, "हव" म्हणाली आणि डबा घासायला गेली. इथं राहून ती छत्तीसगढी 'हव' म्हणायला शिकली आहे. त्या एका शब्दात होकारही बसतो आणि 'आता गप्प बस'सुद्धा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या बाळाची छाती आईच्या रक्तातून आलेल्या गुणानं फुगते आणि हात न लावता आपोआप उतरते. तुमच्या कलावतीनं काही न करता पानसुपारी खाल्ली असती तरी पुरे होतं. पुढं वाढायचं जे बी असतं तेच त्या पुवात गेलं.

आता सर्जन. तरुण आहे, नम्र आहे, आणि प्रत्येक वाक्य माझ्याकडे बघून बोलतो. "शादी कब है?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "माझी नाही. तिला विचारा." तेव्हा कुठं त्याची मान वळली.

त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुला घरी कुणी नीट सांगणार नाही.

काहीच न करणं हाही मार्ग आहे. टॉवेलऐवजी आत ठेवायची सिलिकॉनची गादी मिळते. थोडा फरक तर बहुतेक बायकांत असतोच, असं तो म्हणाला. हिचा फार आहे, आणि मुद्दाम झालेला आहे. 'मुद्दाम' हा माझा शब्द.

डाव्या बाजूत सिलिकॉनची पिशवी बसवता येते. पण व्रणामुळं कातडी आखडलेली आहे, एकदम मावणार नाही. आधी आत एक रिकामा फुगा ठेवायचा आणि दर आठवड्या-पंधरवड्याला सुईनं त्यात मिठाचं पाणी भरत कातडी ताणत न्यायची. काही महिने जातात. मग फुगा काढून पिशवी. म्हणजे दोन ऑपरेशनं, आणि ती पिशवीही जन्माची नाही, पुढं कधीतरी बदलावी लागते. पाठीचं मांस फिरवून आणतात तोही एक प्रकार आहे, पण पाठीवर मोठा व्रण. पोटाचं मांस मूलबाळ व्हायच्या आधी घेऊ नये म्हणाला. चरबी टोचून भरायचंही कुणी करतं, पण त्यावर डॉक्टरांतच एकमत नाही.

आणि शेवटचा मार्ग म्हणजे उजव्याला हात घालायचा. मोठा आहे तो कापून लहान करायचा. एकच ऑपरेशन, थोड्या आठवड्यांत कामावर. मात्र डावा इतका लहान आहे की तरीही फरक उरेल. अगदी सारखे कोणत्याच मार्गानं होणार नाहीत, हे त्यानं दोनदा सांगितलं. ते मला आवडलं.

पूर्णिमानं साऱ्या वेळात एकच प्रश्न विचारला. "और दूध?" तो म्हणाला, डाव्यात येणार नाही, तिथं काही उरलंच नाही. उजव्यात येईल. पण उजवा कापला तर कमी येईल, कदाचित येणारही नाही, आज कोणी सांगू शकत नाही.

घरी येताना ती रिक्षात वाकडी बसली होती, एक खांदा खाली. मी म्हटलं सरळ बस. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर पाठीत पट्टी घातली असती. ती सरळ बसली.

माझं मत स्पष्ट आहे. फुगा. मार्गशीर्ष पुढं ढकला.

वनमाला


गोंदिया
२३ जुलै २००३

ताई,

यांना सांगावं लागलं. दोन दिवस पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, जे लवकर होईल ते करा आणि मला पुन्हा सांगू नका. सासूबाईंनी दाराआडून ऐकलंच होतं. त्या म्हणाल्या, यात विचार काय करायचा. मोठं आहे ते कमी करा. दोन्ही लहान दिसले तर लोक म्हणतील पोरगी बारीक आहे. बारीक असणं काही दोष नाही.

मलाही तेच पटते. फुग्याला सहा महिने लागतील, तेवढे दिवस मुलाकडचे थांबतात का? आणि थांबा म्हणायला कारण काय देऊ? तू म्हणशील खरं सांग. ताई, तू कॉन्व्हेंटमध्ये शिकली, तुझ्या बाबतीत बाबांकडे पैसा होता आणि हौस होती. माझ्या वेळेला दोन्ही नव्हतं. मी जिथं राहते तिथं खरं सांगून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

दुधाचं काय, डब्याचं आहे. मोठ्या जाऊबाईंना दूध आलं नाही, त्यांचा विशाल डब्यावरच वाढला, आता दाराच्या चौकटीला डोकं लागते त्याचं. तुले मूलबाळ नाही म्हणून तुले दुधाचं इतकं वाटते.

तू पूर्णिमाला समजाव. तुझं ती ऐकते.

रमा


ब्राह्मणपारा, रायपूर
३० जुलै २००३

रमा,

हो, मला मूलबाळ नाही. ही बातमी मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे.

म्हणून एवढंच विचारते. कलावतीनं 'उद्या' म्हटलं म्हणून जी बाजू वाचली, ती आता तुम्ही सगळे मिळून कापायला निघालात? कलावती अडाणी होती, तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. तुम्हाला कोणी शिकवलं? तुझ्या पेपर वाचणाऱ्या श्यामरावांना? निरोगी, कुणाला काही न मागणारा अवयव, तो दहा बायकांच्या एका सकाळसाठी छाटायचा. लुगडं ओलं होणार म्हणून!

या शहरात तरी हेच चाललं आहे म्हणा. जुन्या मोठ्या इस्पितळातून रोगी बाहेर काढले आणि तिथं मंत्रालय बसवलं. जिथं बायकांचं दुखणं निघायचं तिथं आता फायली पडून असतात, आणि तुझी मुलगी तिथंच बसून त्या टाइप करते.

मी पूर्णिमाला बजावलं आहे. माझ्या घरात राहून होईल तर फुगा होईल, नाहीतर काही होणार नाही. उजव्याला हात लावायचा नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ती माझ्या बाजूची आहे. डॉक्टरसमोर तिनं काय विचारलं ते विसरू नकोस.

आणि गुढियारीच्या मुलाला सांगायला हवं. मी सांगणार नाही, तो तिचा अधिकार आहे. पण सांगायला हवं.

वनमाला


गोंदिया
२८ ऑगस्ट २००३

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर काय लिहू म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

काल पोळा झाला. परवा महालक्ष्म्यांचं सामान काढायचं. मग पितृपक्ष, मामंजींचं श्राद्ध माझ्या हातचंच लागते सासूबाईंना. मी कुठंही हलू शकत नाही. हे म्हणतात, पोरीला परत आण, नोकरी पुरे.

गुढियारीहून फोन येत नाही. मध्यस्थ नीलकंठभाऊ रस्त्यात भेटले तर सायकल वळवून गेले. तू तर काही बोलली नाही ना? खरं सांग.

पूर्णिमा फोनवर सगळ्याला "हाँ, ठीक है" म्हणते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. ती तशी बोलली की मला कळते, की काही सांगायचं नाही तिला.

रमा


वरची खोली, याच घरातून
८ सप्टेंबर

मावशी,

समोर बोलता येत नाही म्हणून लिहिते. तू मधेच माझं वाक्य पूर्ण करतेस, आणि ते माझं नसतं.

तू आणि आई माझ्यावरून भांडता, त्यात माझं नाव पुष्कळ वेळा येतं. पण मला काय होतं ते तुम्ही कोणी विचारलं नाही. सगळे लहान बाजूकडे बघतात. ती मला दुखत नाही. मोठी दुखते.

उजव्या खांद्यात पट्ट्याची खाच पडली आहे, बोट बसेल इतकी. मान अवघडते. उजव्या कुशीवर झोपता येत नाही, पोटावर तर कधीच नाही. बस पकडायला धावले की एका बाजूला ओढल्यासारखं होतं, म्हणून मी धावत नाही, पुढच्या बसची वाट बघते. तू मला सरळ बस म्हणतेस. मी सरळच बसलेली असते मावशी. अंगच तसं झालं आहे.

दुधाचं मी विचारलं कारण मला वाटलं तिथं बाईनं हेच विचारायचं असतं. तू तेवढंच ऐकलंस. मग त्यावरून तू आईला काय काय लिहिलंस ते मला माहीत आहे, तू लिहिताना मोठ्यानं वाचतेस.

मला फुगा नको. दर पंधरा दिवसांनी ओढणी काढायची, कोणीतरी सुई घेऊन येणार, आणि बघणार किती भरलं. मला माझ्या अंगात काही भरायचं नाही. मला उतरवायचं आहे. थोडा फरक राहिला तर राहू दे. दूध नाही आलं तर मला वाईट वाटेल. आज वाटत नाही, तेव्हा वाटेल. ते मी बघून घेईन.

अभिनवला मी सांगितलं. गोल बाजारात, चहाच्या ठेल्यावर. त्यानं पूर्ण ऐकलं. चहा संपवला. म्हणाला, "मम्मी से पूछ के बताता हूँ." मला हसू आलं. त्याला वाटलं मी खूश झाले. आईला अजून हे माहीत नाही.

मी एकटी जाऊन डॉक्टरांना भेटून आले. पितृपक्षात कोणी ऑपरेशन करून घेत नाही, त्यामुळं तारीख लगेच मिळाली. अठराला सकाळी. मी सज्ञान आहे, पण ते म्हणतात, शादी नहीं हुई, तो घर का कोई साइन करे. आई येऊ शकणार नाही. बाबा येणार नाहीत. तू करशील का?

नाही केलीस तरी मी रागावणार नाही. ऑफिसातल्या राधिकाला विचारीन. पण तू केलीस तर बरं वाटेल.

पूर्णिमा

(खाली आले की याबद्दल लगेच बोलू नकोस. आधी चहा पिऊ.)


इस्पितळात, बाकावर बसून
१८ सप्टेंबर २००३, दुपार

रमा,

सही मी केली.

तू वाचून आधी रडशील, मग सुटकेचा श्वास टाकशील, तुम्हाला हवं तेच झालं म्हणून. तसं काही नाही. सोबत तिचं पत्र आहे ते आधी वाच. कारणं तुमची नाहीत. माझीही नाहीत. ते वाचून मी दोन दिवस खोडून काढायला काही शोधत होते. सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा पाहिला. खरंच बोट बसतं. दीड वर्ष ही मुलगी माझ्यासमोर जेवते आहे!

तू विचारलं होतंस, मी काही बोलले का. मी नाही बोलले. तिनं स्वतः सांगितलं. काल नीलकंठभाऊ गुढियारीला आले होते, ते इकडेही येऊन गेले. दारातच उभे राहिले, चहाही घेतला नाही. गुढियारीवाले म्हणतात म्हणे, "इस साल रहने देते हैं, ग्रह ठीक नहीं बैठ रहे." ग्रह! मी त्यांना खूप काही ऐकवणार होते. तोंड उघडलं तर मागं जिन्यावर पूर्णिमा उभी. तिनं नुसती मान हलवली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "बरं." जन्मात कधी मी एवढं छोटं उत्तर दिलं नसेल. त्यामुळं तुझ्या मार्गशीर्षाचं आता काय ते तूच समज.

आज सकाळी तिला आत नेलं. तिनं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मी बाहेर बसले. हे इस्पितळ लहान आहे, बाक एकच. शेजारी एक गृहस्थ मूतखड्याचं सांगत होते. मी त्यांना गप्प बसवलं नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

मग डॉक्टर बाहेर आला. ठीक झालं म्हणाला. मी विचारलं, "दूध?" निघूनच गेलं तोंडून. तो म्हणाला, "देखेंगे, माताजी, अभी कोई नहीं बता सकता." मी भांडायला कुणी शोधत होते, आणि समोर एक थकलेला मुलगा हातमोजे काढत होता.

थोड्या वेळानं सिस्टर दारात आली. "पूर्णिमा की मम्मी कौन है? पेशंट बुला रही है." बाकावर मी आणि मूतखडेवाले. तिनं पुन्हा विचारलं. मी उठले. मावशी आहे म्हणून सांगत बसले असते तर ती म्हणाली असती, मम्मीला पाठवा. कुठून पाठवू?

आत गेले. छातीभर पट्ट्या, एका बाजूनं नळी. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुठं दुसरीकडेच होते. माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "आई, वडे झाले का?" आज तुझ्याकडे श्राद्ध आहे हे तिच्या डोक्यात कुठंतरी होतं.

मी म्हटलं, "झाले. झोप."

ती झोपली आहे. हात सोडवून मी हे लिहिते आहे. संध्याकाळपर्यंत पूर्ण शुद्ध येईल म्हणतात. तेव्हा ती डोळे उघडून बघेल, आणि समोर मी असेन. कावळ्याला पान ठेवून झालं असेल तर सासूबाईंना विचारत बसू नकोस. गाडीत बस.

ताई